ठकीच्या गळ्यात पट्टा की कातडीखाली चिप?

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, नमस्कार. आमचं घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत आहे. आमच्याकडे ठकी नावाची दोन वर्षांची मांजर आहे, तांबूस-पांढरी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी बावरून पळाली ती पाच दिवस आलीच नाही. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी सापडली कुठं, तर मागच्या गल्लीतल्या भुसार दुकानाच्या गोदामात. दुकानदार भला माणूस. रोज तिला दूध-पोळी घालत होते. म्हणाले, 'वहिनी, मला वाटलं बेवारस आहे. गळ्यात काही असतं तर पहिल्याच दिवशी आणून सोडली असती.' तेव्हापासून घरात वाद चालू आहे. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, मायक्रोचिप बसवून घे, परदेशात सगळे तेच करतात. सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात घुंगरू ओवून तिच्या गळ्यात बांधलंय. शेजारच्या काकू म्हणतात, काहीच बांधू नका, त्यांच्या माहेरी आखाड्यावर एक मांजर पट्ट्याचा फास लागून मेलं. आमच्या इथल्या डॉक्टरांकडे चिपची सोय नाही. चिप बसवली तर ठकी कुठं आहे ते मोबाईलवर दिसेल का? नेमकं काय करावं?"

उत्तर:

ताई, नमस्कार.

ठकी सुखरूप सापडली हे वाचून बरं वाटलं. सविस्तर बोलूच, पण त्याआधी उठा आणि तिच्या गळ्यातला काळा दोरा कात्रीनं कापून टाका. सासूबाईंना वाईट वाटणार नाही अशी तोड पुढे सांगतो, पण दोरा आज निघू द्या.

दोऱ्याची गाठ सुटत नाही, हाच त्यातला धोका. जुन्या वस्तीतला मांजराचा रस्ता तुम्ही रोज बघता. माळवदावरून पत्र्यावर, पत्र्यावरून भिंतीवर, तिथून कुणाच्या तरी परसातल्या बोरीवर. पत्र्याची कड, वर आलेला खिळा, तुराट्यांच्या कुडाचं टोक, कशातही दोरा अडकला की मांजर जोरात हिसका देतं. दोरा तुटला नाही तर ते तिथंच लटकतं. दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. गळ्यातलं नकोसं झालं की मांजर पुढच्या पायानं ते ओढायला जातं, पाय आत शिरतो आणि दोरा मानेवरून सरकून काखेत जाऊन बसतो. मग प्रत्येक पावलाला काचतो. मांजर दुखणं दाखवत नाही, अंधारात जाऊन बसतं. असं जनावर आमच्यासमोर येतं तेव्हा दोरा कातडीत रुतलेला असतो. काखेतली जखम चालताना सतत ताणली जाते, म्हणून टाके घालूनही ती लवकर भरून येत नाही. सैल बांधलेल्या पट्ट्यानंही नेमकं हेच होतं. सैल म्हणजे सुरक्षित, असं समजून पुष्कळ लोक पट्टा ढिला ठेवतात, आणि ढिल्या पट्ट्यातच पाय अडकतो.

म्हणजे शेजारच्या काकू सांगतात ते खरं आहे. पण त्यावरून पट्टाच नको असं ठरवू नका, कारण मांजरासाठी वेगळा पट्टा मिळतो. त्याला 'ब्रेकअवे' किंवा 'सेफ्टी' बक्कल असतं. मांजर कुठं अडकलं आणि त्यानं अंगाचं वजन टाकलं की बक्कल आपोआप उघडतं. पट्टा तिथं राहतो आणि मांजर घरी येतं. जनरल स्टोअरमध्ये टांगलेले, घट्ट बकलांचे पट्टे कुत्र्याच्या पिल्लांसाठी असतात. ते मांजराच्या गळ्यात घालू नयेत. इलॅस्टिकचाही नको, कारण तो ताणला गेला की पाय किंवा खालचा जबडा आत जायला जागा होते.

आता मुलाच्या सल्ल्याकडे येतो. चिप चांगली गोष्ट आहे, यात मला शंका नाही. पण ती काय करते आणि काय करत नाही हे नीट समजून घ्या.

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. ही काच शरीराला बाधत नाही. आत तारेचं बारीक वेटोळं आणि एक सूक्ष्म चकती असते. बॅटरी नसते. नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड सुईनं ती मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतात. एकदा बसवली की जन्मभर राहते. स्कॅनर अंगापासून काही सेंटिमीटरवर धरला की त्याच्या लहरींच्या जोरावर चिप तेवढ्यापुरती चालू होते आणि एक १५ अंकी क्रमांक दाखवते. आंतरराष्ट्रीय (आयएसओ) मानकाप्रमाणे ही चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालते. तिचं काम तेवढंच. तिच्यात तुमचं नाव नाही, फोन नाही, पत्ता नाही. ते सगळं त्या क्रमांकासमोर कुठल्यातरी नोंदवहीत लिहिलेलं असावं लागतं.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ठकी कुठं आहे ते चिप सांगू शकत नाही, कारण ते चिपलाच कळत नाही. मोबाईलवर ठिकाण दाखवणारा जीपीएसचा पट्टा ही निराळी वस्तू. त्याला बॅटरी असते, वरचेवर चार्जिंग लागतं, नेटवर्क लागतं, आणि तीन-चार किलोच्या मांजराच्या मानेला त्याचं ओझं होतं. गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे लपलेल्या मांजराची जागा तो अचूक दाखवेल याचीही खात्री नाही. ठकीसाठी मी तो सुचवणार नाही.

गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्यावर १२ अंकी क्रमांक असतो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तो 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत टाकतात आणि मालक कोण, लस कधी झाली हे समोर येतं. तो बिल्ला वाचायला नुसते डोळे पुरतात, आणि नोंद सगळीकडे एकच आहे. मांजराच्या चिपच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नाहीत. वाचायला यंत्र लागतं, आणि सगळ्यांनी वापरावी अशी एकच नोंदवही आपल्या देशात नाही. खासगी नोंदणी करणारे आहेत, पण अमुक क्रमांक कुणाकडे नोंदवला आहे हे शोधणाऱ्याला कळलं पाहिजे ना.

मुलगा परदेशाचं म्हणतो ते खरंच आहे. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला २० आठवड्यांचं व्हायच्या आत चिप बसवणं कायद्यानं सक्तीचं झालं, आणि न बसवल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चिपचा उपयोगही तिकडे दिसून आला आहे. अमेरिकेतल्या भटक्या जनावरांच्या ५३ निवारा केंद्रांतल्या नोंदींवरून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भटकं म्हणून केंद्रात आलेल्या एकूण मांजरांपैकी जेमतेम १.८ टक्के आपल्या मालकाकडे परत गेली होती. चिप असलेल्यांपैकी ३८.५ टक्के गेली. फरक प्रचंड आहे. पण हे आकडे कुठले आहेत तेही बघा. ही मांजरं आधी निवारा केंद्रात पोचली होती, आणि तिथं आलेल्या प्रत्येक जनावरावर स्कॅनर फिरवायची पद्धत होती. एवढं असूनही चिपवाली कितीतरी जनावरं घरी गेली नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण साधं होतं: नोंदवहीतला फोन नंबर चुकीचा किंवा बंद पडलेला.

आता तुमच्याच गल्लीचं बघू. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ठकीच्या कातडीखाली चिप असती तर काय झालं असतं? त्या दुकानदारांना ती दिसली नसती. त्यांनी ठकीला दवाखान्यात नेलं नसतं, कारण आपल्याकडे सापडलेलं मांजर कुणी दवाखान्यात नेत नाही. नेलं असतं तरी तिथं स्कॅनर नव्हता. ते पाच दिवस जसे गेले तसेच गेले असते. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी स्वतःच सांगितलं: गळ्यात काहीतरी.

आपल्याकडे मांजराकडे बघण्याची रीतही लक्षात घ्यायला हवी. कुत्रं हरवलं की लोक विचारतात, कुणाचं आहे हो हे? मांजर दिसलं तर कुणी विचारत नाही. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, ते आपलं येतं आणि जातं, असं सगळे मानतात. म्हणून चांगली, दयाळू माणसंसुद्धा दुसऱ्याचं मांजर महिनोन्‌महिने पोसतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. हे बदलायला गळ्यातली एक ठळक वस्तू पुरते. पट्टा बघितला की माणूस थांबतो आणि नंबर बघतो. माझं मत म्हणून स्पष्ट आहे: ठकीला आधी पट्टा, आणि सोय होईल तेव्हा चिप. आजच्या मराठवाड्यात नुसती चिप बसवून निर्धास्त राहणं मला धोक्याचं वाटतं.

मांजर पट्टा ठेवून घेत नाही, हे तुम्हाला दहा जण सांगतील. यावरही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ५३८ पाळीव मांजरांना पट्टे घालून आणि चिप बसवून सहा महिने पाहिलं गेलं. २०१० साली ते निष्कर्ष आले. जवळपास ७३ टक्के मांजरांच्या गळ्यात सहा महिन्यांनंतरही पट्टा होता, आणि निम्म्याहून जास्त मालकांनी सांगितलं की आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा आमच्या मांजरानं तो सहज घेतला. पाय, तोंड किंवा पट्टा अडकण्याचे प्रकार १८ मांजरांच्या बाबतीत, म्हणजे ३.३ टक्क्यांत घडले. हा आकडा लहान असला तरी शून्य नाही, म्हणूनच बकलाचा मी इतका आग्रह धरतो. त्याच अभ्यासात शेवटी ४७८ मांजरांच्या चिप तपासल्या, त्यातल्या ४७७ चालू होत्या. चिप टिकते याबद्दल शंका नको. ती वाचणारं कुणी नाही, एवढीच आपली अडचण आहे.

पट्टा ऑनलाइन मागवा, अंबाजोगाईपर्यंत येतो. एकच न मागवता दोन-तीन घ्या, कारण उघडणारा पट्टा कधीतरी पडणारच, आणि पडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्यानं त्याचं काम केलेलं असतं. आल्यावर ठकीच्या गळ्यात घालायच्या आधी तपासा. पट्टा बंद करून खिळ्याला अडकवा आणि त्याच्या वेढ्यात दोन किलो ज्वारीची पिशवी लटकवा. बक्कल उघडलं पाहिजे. 'सेफ्टी' असं छापलेल्या काही पट्ट्यांची बकलं इतकी घट्ट असतात की मांजराच्या वजनानं उघडतच नाहीत, तसा निघाला तर परत पाठवा.

घालताना पट्टा आणि मान यांच्यात तुमची दोन बोटं आडवी जातील एवढीच जागा ठेवा. तिसरं बोट गेलं तर ढिला आहे. पहिल्यांदा जेवणाच्या ताटलीसमोर घाला, खाणं होईपर्यंत राहू द्या आणि काढा. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. पहिले काही दिवस ती मागे-मागे सरकेल, मागच्या पायानं खाजवेल, जमिनीला चिकटून चालेल. त्या दिवसांत पट्टा घालून तिला बाहेर सोडू नका, घरात डोळ्यांसमोर ठेवा. पाय अडकायचा धोका याच काळात जास्त असतो. सवय झाल्यावरही आठवड्यातून एकदा बोटं घालून बघा आणि पट्ट्याखालची कातडी तपासा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि पावसाळ्यातल्या ओलीत तिथले केस जाऊ शकतात, खाज सुटू शकते. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला पट्टा घालणाऱ्यांनी तर हे दर दोन-तीन दिवसांनी करावं, पिल्लू वाढतं आणि पट्टा वाढत नाही.

पट्ट्यावर काय लिहायचं? फोन नंबर. बहुतेक लोक हौसेनं मांजराचं नाव कोरून घेतात, पण सापडलेल्या माणसाला ठकी या नावाचा काय उपयोग? दोन नंबर असावेत, त्यातला एक दिवसा घरात असणाऱ्या माणसाचा. पुण्याच्या मुलाचा नंबर नको, त्याला फोन जाईल आणि तो तिथून तुम्हाला शोधत बसेल. लटकणारी पितळी चकती कशात अडकेल अशी धास्ती वाटत असेल तर नंबर पट्ट्यावरच दोऱ्यानं भरून घ्या. सासूबाईंना भरतकाम येत असेल तर हे काम त्यांच्याकडेच द्या. गडद पट्ट्यावर पांढरा दोरा, अंक मोठे. पेननं लिहिलेलं एका पावसात जातं.

सासूबाईंचा काळा दोरा दृष्टीसाठी आहे, हे मला कळतं. त्यांच्या मनात ठकीची काळजीच आहे. तोच काळा दोरा नव्या पट्ट्याच्या कडेनं शिवून टाका. पट्टा उघडला की दोराही त्याच्याबरोबर निघेल. फक्त शिवताना बकलाच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जाणार नाहीत हे बघा. घुंगरूही चालेल, पण एकच आणि लहान. त्यामुळे परसात येणाऱ्या चिमण्या-होले तिच्या तावडीत कमी सापडतील, आणि अंधारात ठकी पायाशी आली की सासूबाईंना चाहूल लागेल. शेळीच्या गळ्यातली घंटी मात्र मांजराला जड होते.

काही गोष्टी आपल्याकडे ओळखीसाठी करतात त्या मांजरावर करू नका. मेंढ्यांना गेरूची खूण करतात तशी कुणी मांजराला ऑइल पेंटची करतं, कुणी केसांचा रंग लावतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, जे अंगाला ते पोटात. बिब्ब्याची खूण तर अजिबात नको, बिब्बा उतला की कातडी सोलून निघते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुत्र्यासाठीचा गोचीड-पिसवांचा औषधी पट्टा मांजराच्या गळ्यात कधीही घालू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराच्या शरीराला ते निकामी करता येत नाही. थरथर, झटके येतात आणि जीवही जातो. दुकानदार 'चालतंय की' म्हणाला तरी पाकिटावर मांजराचं चित्र आणि मांजराचं वजन लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

पट्टे येईपर्यंत आठवडा जाईल. तोपर्यंत कागदाचा पट्टा करता येतो. इंग्लंडमध्ये एखादं मांजर बेवारस आहे की कुणाचं पाळलेलं, हे शोधायला ही युक्ती वापरतात. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, त्यावर नंबर आणि 'ही मांजर आमची आहे, दिसल्यास फोन करा' एवढं लिहा, मानेभोवती दोन बोटांची जागा ठेवून टोकं सेलोटेपच्या लहान तुकड्यानं चिकटवा. अडकला तर कागद फाटतो, इजा होत नाही. सेलोटेप फक्त टोकांनाच लावा, सगळ्या पट्टीवर गुंडाळली तर ती फाटणार नाही. तुमच्या दारात नवं मांजर येऊन बसू लागलं तर त्याच्याही गळ्यात असाच कागद घाला आणि त्यावर विचारा: हे मांजर तुमचं आहे का? कुणाच्या तरी घरी पाच दिवस घास उतरत नसेल.

चिपचं आता. ठकीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर ते करून घ्या. माजावर आलेली मांजर भटकते, बोके लांबून येतात, आणि हरवण्याचं निम्मं कारण तिथंच असतं. चिप बसवण्याची योग्य वेळही तीच, मांजर भुलीखाली असतं आणि जाड सुईचा त्रास त्याला जाणवत नाही. एरवीही चिप भुलीशिवाय बसवता येते, इंजेक्शनसारखीच. आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या चिकित्सालयात पाळीव जनावरं बघतात. लातूर आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये खासगी दवाखानेही आहेत. निघायच्या आधी फोन करून तीन प्रश्न विचारा. चिप आयएसओ मानकाची, १५ अंकी आहे का? तुमच्याकडे स्कॅनर आहे का? नोंदणी कुठं होणार आणि नंबर बदलला तर तो कसा बदलायचा? तिसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही तर तिथं घाई करू नका. बसवण्याआधी चिप आणि बसवल्यावर मांजर, दोन्ही स्कॅन करून क्रमांक तुमच्यासमोर वाचून घ्या आणि तो रेबीजच्या लसीच्या कार्डावर लिहून घ्या. त्या कार्डाचा आणि ठकीच्या दोन-चार स्वच्छ फोटोंचा, डाव्या-उजव्या कुशीच्या ठिपक्यांसकट, एक संच मुलाच्याही मोबाईलमध्ये असू द्या.

चिपचा उपयोग तुम्हाला दोन प्रसंगी नक्की होईल. उद्या दुसऱ्या कुणी ठकी आमचीच म्हणून सांगितलं तर पट्टा बदलता येतो, कातडीखालचा क्रमांक बदलता येत नाही. तांबूस-पांढरी मांजरं एका गल्लीत तीन-तीन असतात, हे तुम्ही जाणताच. आणि उद्या मुलगा परदेशी गेला आणि ठकीला बरोबर न्यायचं ठरलं, तर बहुतेक देशांत चिपशिवाय चालत नाही. युरोपात तर आधी चिप आणि मग रेबीजची लस असा क्रम लागतो. उलट क्रमानं केलं तर लस पुन्हा घ्यावी लागते.

पत्रातली एक गोष्ट वाचून मला काळजी वाटली, ती सांगतो. ठकी पाच दिवस भुसार गोदामात होती. धान्याच्या गोदामात उंदरांसाठी औषध ठेवलेलं असतं. त्यातली काही औषधं रक्त गोठू देत नाहीत, आणि ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरालाही विष चढतं. लक्षणं लगेच नव्हे, काही दिवसांनी दिसतात. हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून किंवा लघवीत रक्त, धाप, मरगळ यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि गोदामाचं आवर्जून सांगा. या विषावर के जीवनसत्त्वाचा उपचार आहे आणि वेळेत मिळाला तर जनावर वाचतं. दुकानदारांनाही विचारून ठेवा, कोणतं औषध टाकलं होतं. दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही, दोन दिवस पोट ढिलं राहिलं असेल तर त्यानंच.

पुन्हा कधी ती गेली तर शोध जवळ घ्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२१० जणांना त्यांच्या हरवलेल्या मांजराबद्दल विचारलं होतं. जी मांजरं जिवंत सापडली त्यातली तीन-चतुर्थांश, जिथून गेली तिथून ५०० मीटरच्या आत होती. ठकीही मागच्याच गल्लीत होती. आपण मात्र बसस्टँडपर्यंत हिंडतो आणि शेजारच्याचं बळद उघडून बघायचं राहून जातं. घाबरलेलं मांजर हाक मारली तरी ओ देत नाही. म्हणून बंद खोल्या, गोदामं, जिने, कडब्याच्या गंजी, पत्र्याखालच्या सांदी उघडून स्वतः बघा, मालकाला विचारून. रात्री गल्ली शांत झाल्यावर बॅटरी घेऊन निघा, डोळे लगेच चमकतात. पहिल्याच रात्री निघा. "येईल आपोआप" म्हणून चार दिवस थांबू नका, त्या चार दिवसांत एखाद्या बंद गोदामात पाणीसुद्धा मिळत नाही.

पुढच्या दिवाळीत संध्याकाळचे दिवे लागायच्या आधी ठकीला आतल्या खोलीत घ्या, खिडक्या लावा, पाणी आणि रेतीचं घमेलं आत ठेवा, पट्टा गळ्यात आहे का बघा, आणि फटाके थांबेपर्यंत दार उघडू नका.